बरणीतले पाणी आणि टाकीतले डिझेल

२०२१ सालच्या चतुर्थीचा दुसरा दिवस होता. पावसाने सकाळपासून उसंत घेतली नव्हती. माटोळीच्या फळांचा वास घरभर दरवळत होता आणि आम्ही ओसरीवर बसून आल्यागेल्याचे स्वागत करीत होतो. इतक्यात आमचा एक जुना विद्यार्थी छत्री मिटीत आत आला. मास्क हनुवटीवर ओढलेला, एका हातात नेवऱ्यांचा डबा आणि दुसऱ्या काखेत, एखादे तान्हे मूल धरावे तशी धरलेली, एक प्लास्टिकची बरणी. गणपतीला नमस्कार करून त्याने बरणी आमच्यासमोर ठेवली आणि म्हणाला, “सर, ह्यात पाणी घालायचं आणि गाडी चालवायची.”

तो बोलला कोकणीत. आम्ही येथे ते मराठीत उतरविले आहे. बडोदे, इंदूर, हैदराबाद येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत असलेल्या आमच्या वाचकांस पेडणे आणि डिचोली ही नावे कदाचित नकाशावरच भेटली असतील. गोव्याच्या उत्तर टोकास, सावंतवाडीच्या सीमेला लागून पेडणे तालुका. तेथून आग्नेयेस डिचोली. घरात कोकणी बोलावी आणि पोथी, वर्तमानपत्र व नाटक मराठीत असावे, हा दोन्हीकडचा जुना रिवाज. आमचे वास्तव्य पेडण्यास. विज्ञानाचे शिक्षक म्हणून उभी हयात याच तालुक्यात गेली. हा विद्यार्थी मूळचा इकडचा, पण लग्नानंतर डिचोलीस स्थायिक झालेला. व्यवसाय टिपर चालविण्याचा, म्हणजे खनिज वाहून नेणाऱ्या ट्रकाचा.

डिचोलीतील ट्रकमालकाची गेल्या दहा-बारा वर्षांची कहाणी सांगितल्यावाचून त्या बरणीचे महत्त्व ध्यानात यावयाचे नाही. खाणीतून लोहखनिज भरावयाचे, सारमानसच्या धक्क्यावर आणून रिकामे करावयाचे, तेथून ते बार्जेसमध्ये चढून मांडवीतून बंदराकडे जावयाचे. हा फेरा दिवसातून जितका अधिक तितकी कमाई अधिक. या भरवशावर शेकडो घरांनी कर्जे काढून ट्रक घेतले. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद पडल्या. पुढे काही काळ सुरू झाल्या, तोच सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरविले आणि मार्च २०१८ पासून पुन्हा सारे थंडावले. घरांपुढच्या अंगणांत ट्रक उभे राहिले, त्यांच्या चाकांखाली गवत उगवले, आणि बँकेचे हप्ते मात्र आपल्या वेळेस येत राहिले. उघड्या खाणींच्या खड्ड्यांत पावसाचे पाणी साचून हिरवीगार तळी झाली. आमच्या विद्यार्थ्याने दोहोंपैकी एक टिपर विकला. दुसरा राखला, कारण त्या सुमारास पेडण्यात मोपाच्या पठारावर विमानतळाचे काम चालू होते आणि तेथे खडी लागत होती. डिचोलीतील एका क्रशरवर खडी भरून अस्नोडा, कोलवाळ, धारगळ असे करीत मोपास जावे आणि रिकामे परतावे. एका फेरीस साठेक किलोमीटर. २०२१ च्या पावसाळ्यात पेट्रोलने देशात अनेक ठिकाणी शंभरी ओलांडली, डिझेल त्याच्या पाठोपाठ धावत होते, आणि फेरीचा दर तेवढाच राहिला होता.

अशा वेळी कोणी येऊन सांगितले की, डिझेलमध्ये तीस टक्के बचत होईल, तर माणूस ऐकतो. न ऐकणारा विरळा.

त्याने खिशातून रंगीत पत्रक काढले. बरणीत पोलादाच्या पट्ट्या होत्या. तीत पाणी व थोडे कॉस्टिक पोटॅश घालावयाचे. गाडीच्या बॅटरीची वीज पट्ट्यांना जोडावयाची. पाण्याचे विघटन होऊन निघालेला हायड्रोजन व ऑक्सिजन एका रबरी नळीने इंजिनाच्या हवेच्या वाटेत सोडावयाचा. मिनिटास एक लिटर वायू तयार होतो, एक लिटर पाणी तीस तास पुरते, आणि डिझेल तीस टक्के वाचते, असे पत्रकात ठळक अक्षरांत छापले होते. किंमत अठरा हजार रुपये. त्याने ती भरून एक किट आपल्या टिपरला बसविलेही होते. काखेतली बरणी नमुन्याची होती. आता कंपनी त्याला डिचोली तालुक्याची एजन्सी देणार होती. अनामत तीन लाख. ती कोठून आणणार, असे विचारता तो क्षणभर घुटमळला आणि म्हणाला, “तिच्या पाटल्या आहेत. आणि गळ्यातलं.”

आमच्याकडे तो कशासाठी आला होता हे त्यानंतर कळले. दसऱ्याला दुकानाचे उद्घाटन होते. तालुक्यातील ट्रकमालक जमणार होते. तेथे आम्ही चार शब्द बोलावेत, अशी त्याची इच्छा होती. “तुम्ही बोललात तर लोकांचा विश्वास बसेल. शिवाय सर, हे मला पहिल्यांदा तुम्हीच शिकवलंत.”

हे अखेरचे वाक्य आमच्या जिव्हारी लागले, कारण ते खरे होते.

वर्गात पाण्याचे विघटन दाखविण्याचा दिवस म्हणजे आमचा आवडता दिवस असे. दोन उलट्या नळ्या, आम्ल मिसळलेले पाणी, बॅटरी. एका नळीत दुप्पट वायू जमे, दुसरीत निम्मा. पहिल्या नळीच्या तोंडाशी जळती काडी नेली की ‘फट्’ असा आवाज होई आणि मुले हसत. दुसरीत विझत आलेली काडी घातली की ती पुन्हा पेटे आणि मुले टाळ्या पिटीत. मग आम्ही मोठ्या नाटकी स्वरात म्हणत असू, “पाहा! आग विझविणाऱ्या पाण्याच्या पोटात एक जळणारा आणि एक जाळणारा असे दोन वायू दडले आहेत!” तेवढ्यात तास संपल्याची घंटा होई. बॅटरीने त्यासाठी किती मोल मोजले, हा प्रश्न कोणी विचारीत नसे, आणि खरे सांगावयाचे तर आम्हीही तो उपस्थित करीत नसू. परीक्षेत तो येत नव्हता.

त्याला तेथल्या तेथे ‘हे खोटे आहे’ असे सांगून आम्ही मोकळे होऊ शकलो असतो. दोन गोष्टींनी आम्हांस अडविले. पहिली गोष्ट आमच्याच फजितीची. १९९६ साली तामिळनाडूतील रामर पिल्ले या तरुणाने पाण्यात झाडपाला उकळून पेट्रोल बनविल्याचा दावा केला होता. वर्तमानपत्रे त्याच्या छायाचित्रांनी भरून गेली, शास्त्रज्ञांपुढे प्रात्यक्षिके झाली, आणि आमच्या शिक्षक-खोलीत दोन तट पडले. लाजत कबूल करतो की, त्या वेळी आम्ही विश्वास ठेवणाऱ्यांच्या तटात होतो. खेड्यातला, फारसा न शिकलेला मुलगा मोठमोठ्या पंडितांस थक्क करतो, ही कथाच इतकी गोड होती की रसायनशास्त्र बाजूस ठेवावेसे वाटले! पुढे आय.आय.टी.त पितळ उघडे पडले. ‘वनौषधी पेट्रोल’ म्हणून विकले गेले ते टोल्युइन, नॅफ्था अशा द्रव्यांचे मिश्रण निघाले, आणि २०१६ साली चेन्नईच्या न्यायालयाने त्यास तीन वर्षांची शिक्षा दिली. त्याच १९९६ साली अमेरिकेत ओहायो राज्यातील न्यायालयाने स्टॅन्ली मायर नावाच्या गृहस्थास, पाण्यावर मोटार चालविण्याच्या त्याच्या यंत्रात पैसे गुंतविणाऱ्यांची रक्कम परत करावयास लाविले होते. तेव्हा भुलणारे लोक अडाणीच असतात असे मानण्याचे कारण नाही. आमचा स्वतःचा अनुभव तसा नाही.

दुसरी गोष्ट अशी की, इंजिनात पाणी उपयोगी पडतच नाही, असे म्हणणेही खोटे ठरले असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हंगेरीतील दोनात बांकी या अभियंत्याने इंजिनात पाण्याचा फवारा सोडण्याचे प्रयोग केले होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या थंडरबोल्ट विमानांत आणि जर्मनांच्या लढाऊ विमानांत, शत्रू पाठीशी लागला की वैमानिक कळ दाबून पाणी व मद्यार्क यांचे मिश्रण इंजिनात सोडीत आणि थोडा वेळ जादा जोर मिळवीत. आरंभीची बोइंग ७०७ विमाने उड्डाणाच्या वेळी इंजिनात पाणी फवारीत. १९६२ साली अमेरिकेतील ओल्ड्समोबिल कंपनीने आपल्या जेटफायर मोटारीत अशी वेगळी टाकीच दिली होती, आणि २०१६ च्या सुमारास बी.एम.डब्ल्यू.ने एम-४ जी.टी.एस. या शर्यतीच्या धर्तीच्या मोटारीत बॉश कंपनीचा पाण्याचा फवारा बसविला. त्यामुळे जोराने हाकताना तेरा टक्क्यांपर्यंत इंधन वाचते, असे बॉशचे म्हणणे होते.

परंतु या सर्व ठिकाणी पाणी जळत नाही. ते वाफ होताना उष्णता शोषून घेते, इतकेच. एक किलो पाण्याची वाफ होण्यास सुमारे २२६० किलोज्यूल उष्णता लागते; पेट्रोलला याच्या सहाव्या हिश्श्याइतकीही लागत नाही. पेट्रोलच्या इंजिनावर फार दाब दिला की आतील मिश्रण वेळेआधी भडकते आणि इंजिन ठोकू लागते. हे टाळण्यासाठी एरव्ही जादा पेट्रोल ओतून ते थंड ठेवावे लागते. तेथे पेट्रोलऐवजी पाणी वापरले तर तेवढे पेट्रोल वाचते. मोपाच्या चढावर तीस-चाळीसच्या वेगाने जाणाऱ्या डिझेल टिपरला या सुखाची गरज नाही. फ्रान्समध्ये शहरातील बसगाड्यांसाठी डिझेलमध्ये तेरा टक्के पाणी घोटून दुधासारखे पांढरे इंधन करीत; त्याने धूर व विषारी वायू कमी झाले, पण पाण्याने बस हाकली नाही.

आम्हांस आमच्या वडिलांनी सांगितलेली एक आठवण या वेळी स्मरली. महायुद्धाच्या काळात ते बेळगावास शिकत होते. पेट्रोल मापून मिळू लागल्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानात कित्येक मोटारगाड्यांच्या पाठीमागे लोणारी कोळशाची भट्टी बसविलेली असे. क्लीनर उतरून भट्टी ढवळी, उतारू तोंडावर उपरणे धरीत, आणि भट्टीतील वायूवर गाडी चाले. त्या भट्टीत निखाऱ्यांवरून थोडी वाफ सोडली म्हणजे खरोखरच पाण्यातील हायड्रोजन सुटा होई व इंजिनात जळे. पाण्याची इंधनास पुरवणी झाली असे कोठे म्हणता येत असेल तर ते येथे! पण त्यासाठी निखारे थंड होत आणि कोळसा अधिक टाकावा लागे. पाण्याच्या हायड्रोजनाचे बिल कोळसा भरीत असे.

हे सारे त्याला सांगितले. तो मान डोलवीत होता, पण त्याच्या चेहऱ्यावरून आम्ही ताडले की, त्याला यात हवे तेवढेच ऐकू येत आहे. “म्हणजे सर, विमानातसुद्धा वापरतात!” तो म्हणाला.

मग आम्ही पत्रक पालथे घातले, पेन्सिल घेतली आणि मागील कोऱ्या बाजूवर हिशेब मांडला. आकडेही त्याच्याकडूनच घेतले. तीस तासांत टिपर साधारण नऊशे किलोमीटर जाईल. लिटरला चार धरले तर सव्वादोनशे लिटर डिझेल. त्यातील तीस टक्के म्हणजे सदुसष्ट-अडुसष्ट लिटर. एवढे वाचविणार कोण? तर बरणीतले एक लिटर पाणी. आता एक लिटर पाण्यातला सगळा हायड्रोजन, वाटेत थेंबभरही वाया न घालविता जाळला, तरी जी उष्णता मिळेल ती अर्ध्या लिटरहूनही कमी डिझेलच्या उष्णतेइतकी. अर्ध्या लिटरने सदुसष्ट लिटरांचे काम करावयाचे!

शिवाय ती उष्णताही फुकट नाही. मिनिटास एक लिटर वायू जाळून सुमारे सात किलोज्यूल मिळणार. तो वायू करावयास बॅटरीला किमान अकरा किलोज्यूल वीज द्यावी लागणार. आणि ती वीज आल्टरनेटर बनविणार, आल्टरनेटरला इंजिन फिरविणार, इंजिनाला डिझेल. डिझेलच्या दर तीन हिश्श्यांपैकी इंजिनातून जेमतेम एक हिस्सा कामी येतो, त्यातला जवळजवळ निम्मा आल्टरनेटर गिळतो. म्हणजे सात किलोज्यूल हाती यावेत म्हणून पन्नासांहून अधिक किलोज्यूलांचे डिझेल जाळावयाचे. ओसरीवरून न्हाणीघराची चूल दिसत होती. ती दाखवून आम्ही म्हणालो, “ती राख पाहिलीस? लाकूड जळून राख झाली. हायड्रोजन जळून जी राख होते तिला पाणी म्हणतात. समुद्र, नदी, ह्या बरणीतलं पाणी, सगळी जळून गेलेल्या हायड्रोजनाची राख आहे. राखेचं पुन्हा लाकूड करता येतं. झाड तेच करतं. पण त्यासाठी त्याला वर्षानुवर्षं ऊन खावं लागतं.”

त्यावर तो म्हणाला की, कंपनीचे लोक हा हिशेब जाणून आहेत. हा वायू इंधन म्हणून नव्हे, तर डिझेल पूर्ण जळावे म्हणून सोडतात. हा मुद्दा वरकरणी बिनतोड दिसतो. पण तापलेल्या, नीट चालणाऱ्या इंजिनात न जळता बाहेर पडणारे डिझेल शंभरात एक-दोन भागही नसते. उरलेले नुकसान उष्णतेचे; ते रेडिएटर आणि सायलेन्सर यांतून जाते. जे मुळात जळतेच आहे ते आणखी काय जळणार? शिवाय त्याचे सहा लिटरांचे इंजिन मिनिटाला पंधराशे फेरे घेताना साडेचार हजार लिटर हवा ओढते. त्यात हा एक लिटर.

एवढे झाल्यावर त्याने जे उत्तर दिले, त्यापुढे आमची पेन्सिल थांबली. “सर, हिशेब बरोबर असेल. पण बसवल्यापासून माझी गाडी लिटरला साडेतीनची चार-एक देते. ते काय खोटं?”

ते खोटे नव्हते. त्याची वही आम्ही पाहिली. चोख माणूस; प्रत्येक भरणा, प्रत्येक किलोमीटर लिहिलेला. आमच्या सौभाग्यवती इतका वेळ आतून ऐकत होत्या. त्या पंचखाद्याच्या वाट्या घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “मग बरणी काढून बघा ना. एकदा लावून, एकदा काढून. स्वयंपाकात मीठ जास्त कुणी घातलं ते असंच शोधतात.”

प्रयोगाची आखणी त्या संध्याकाळी झाली. भरणा नेहमी एकाच पंपावर, एकाच नळीने, टाकीच्या गळ्यापर्यंत. मार्ग तोच, वजन काट्यावर केलेले. टिपर त्याचा मेव्हणा चालवीत असे. त्याला काही सांगावयाचे नाही. बारा चिठ्ठ्या केल्या, सहा ‘चालू’, सहा ‘बंद’. त्या त्याच्या पत्नीने देवापुढच्या तांब्यात ठेवल्या. प्रत्येक भरण्याच्या सकाळी एक काढावयाची. ‘बंद’ निघाली तर बरणीचा फ्यूज गुपचूप काढून ठेवावयाचा. समोरचा लाल दिवा मात्र दोन्ही वेळा लागलेला राहावा, अशी जोडणी फिटरकडून करून घेतली. पितृपक्ष सरून दसरा उजाडेपर्यंत बारा भरणे पुरे होणार नाहीत असे दिसल्यावर त्याने उद्घाटन पुढे ढकलले. कंपनीच्या माणसाने फोनवरून बजावले की, अनामत वेळेत न आल्यास तालुका दुसऱ्यास जाईल. तो रोज रात्री आम्हांस आकडे कळवी, आणि त्याच्या आवाजातील ताण आम्हांस ऐकू येई. आमचे म्हणणे खरे ठरावे असे आम्हांस वाटत होते की खोटे ठरावे, हे सांगणे तेव्हाही अवघड होते. सौभाग्यवतींनी तर स्पष्टच म्हटले की, त्या पोराचे भले होत असेल तर तुमचे शास्त्र हरले तरी चालेल.

बरणी चालू असता सरासरी लिटरला ४.१ किलोमीटर आली. बंद असता ४.१५. फरक असा की तो भरण्याच्या चुकीतच बुडून जावा.

मग साडेतीनचे चार झाले कशाने? हे शोधण्यास मात्र फार वेळ लागला नाही. किट बसवावयास आलेल्या मुलांनी आधी गाडी ‘तयार’ केली होती. हवेचा गच्च भरलेला फिल्टर बदलला, इंजेक्टर साफ करविले, टायरांतील हवा नीट केली, आणि मेव्हण्यास बजावले की, पन्नासच्या वर काटा जाऊ द्यावयाचा नाही, रिकामे उभे असता इंजिन चालू ठेवावयाचे नाही, नाही तर बरणीचा गुण येणार नाही. लाल दिवा डोळ्यांसमोर तेवत असल्यामुळे मेव्हणा सांगितलेले सर्व पाळीत होता. आळशी शिष्याकडून गंडा बांधून पथ्य करवून घ्यावे तसा हा प्रकार. गुण पथ्याचा, दक्षिणा गंड्याची! शिवाय तो वायू म्हणजे हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचे अगदी स्फोटास हवे तसे मिश्रण, आणि ते तापल्या इंजिनाशेजारी रबरी नळीतून खेळवावयाचे. उलटी ठिणगी मागे आली तर बरणीचे काय होईल, याविषयी पत्रकात अक्षर नव्हते.

निकाल लागला त्या रविवारी तो सपत्नीक आला. वही आमच्यापुढे ठेवून बराच वेळ पावसाकडे पाहत बसला. मग म्हणाला, “सर, राखेचं जे सांगितलंत, ते तेव्हा वर्गात का नाही सांगितलंत?”

आम्ही घंटेचे कारण सांगितले. ते आमच्या कानांनाही पोकळ वाटले. तीसेक वर्षे आम्ही तो प्रयोग केला. वर्गात दर साली पस्तीस-चाळीस मुले. त्यांपैकी कितीजण अर्धाच धडा घेऊन बाहेर पडले असतील, याची मोजदाद आम्ही नंतर पुष्कळ रात्री केली आहे.

पाटल्या गहाण पडल्या नाहीत. त्याच्या पत्नीने त्या दिवशी त्या हातात घातल्या होत्या. काही बोलली नाही, जाताना आमच्या सौभाग्यवतींस वाकून नमस्कार केला. अठरा हजार मात्र गेले. कंपनीचा फोन आधी उचलला जात होता, मग लागेनासा झाला. एजन्सी दुसऱ्या एकाने घेतली; त्याच्याकडून बरणी घेतलेल्या दोघा-तिघांनी पुढे ती काढून टाकली असे कानी आले. मधल्या काळात आमच्या विद्यार्थ्यास बोलही ऐकावे लागले. मास्तरांना गाडीतले काय कळते, त्यांनी पोराचा धंदा बुडविला, असे डिचोलीच्या बाजारात म्हणणारे होते. त्याने कोणाशी वाद घातला नाही. फिल्टर वेळेवर बदलतो आणि टायरची हवा दर सोमवारी पाहतो, एवढे तो आवर्जून सांगतो. कधी पेडण्याकडे फेरी झाली तर पत्रादेवीच्या बाजूने येतो. २०१२ साली गोवा सरकारने पेट्रोलवरील व्हॅट जवळजवळ काढून टाकला आणि लिटरमागे सुमारे अकरा रुपये उतरले, तेव्हा सीमेपलीकडच्या गाड्यांची तेथील पंपांवर रीघ लागली होती. “तेव्हा खरी पुरवणी मिळाली होती, सर,” असे तो हसून म्हणतो. ट्रकवाल्यास त्याचा उपयोग नव्हता. सवलत पेट्रोलची, टिपर डिझेलचा. पण घरी स्कूटर होती.

बरणीचा विषय संपला असे आम्ही धरून चाललो होतो. तो ३१ मार्च २०२२ च्या सकाळी पुन्हा निघाला. त्याचा फोन आला, आवाज चढलेला. आदल्या दिवशी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी टोयोटाच्या मिराई नावाच्या मोटारीतून संसदेत गेले होते. ती हायड्रोजनवर चालणारी. त्याच्या मोबाइलवर मात्र कोणी पाठविले होते की, मंत्री पाण्यावरच्या गाडीतून आले. “सर, दिल्लीत चालते मग डिचोलीत का नाही? आपलं काय चुकलं?”

आम्ही त्यास शांतपणे समजावून दिले. त्या गाडीत पाणी भरीत नाहीत. हायड्रोजन दुसरीकडे, मोठ्या कारखान्यात बनवितात. पाण्यातून काढावयाचा तर किलोमागे पन्नास-पंचावन्न युनिट वीज लागते, आणि ती उन्हाची वा वाऱ्याची असली तरच त्यात काही अर्थ. तो दाबून टाक्यांत भरतात. गाडीत तो हवेतील ऑक्सिजनाशी संयोग पावतो, त्यातून वीज होते, त्या विजेवर मोटर फिरते. म्हणजे आमच्या वर्गातला प्रयोग उलट दिशेने. “आणि पाणी?” त्याने विचारले. ते गाडीच्या मागच्या नळीतून रस्त्यावर ठिबकते, असे आम्ही सांगितले.

पलीकडून थोडा वेळ काही ऐकू आले नाही. क्रशरची घरघर तेवढी चालू होती. मग तो म्हणाला, “म्हणजे मागून राखच पडते तर.” आणि गाडी भरून झाली आहे, काट्यावर न्यावयाची आहे, असे सांगून त्याने फोन ठेवला.